शंभरात पाणी किती?

मुळे सरांनी नागनाथअप्पांना फसवलं. शिरसाळ्याच्या आठवडी बाजारात, भर दुपारी, माईकवरून, अख्ख्या गावादेखत फसवलं. मी अप्पांच्या शेजारीच उभी होते. माझा आवाज बाजारभर ऐकू जातो, पण त्या दिवशी माझं कुणी ऐकलं नाही. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी हुरड्यात रमेन, मिरचीवर घसरेन, जिराफाच्या मानेपाशी रेंगाळेन; पण कुणी कुणाला फसवलं हे वाचणाऱ्याने विसरायचं नाही.

आज सकाळी दुकानाचं शटर वर केलं आणि तोच वास आला. पौषातल्या थंडीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजणाऱ्या कणसांचा. मागच्या रानात कुणीतरी आगटी पेटवली होती. तो वास नाकात असतानाच शाळेचा शिपाई आला आणि काउंटरवर पत्रिका ठेवून गेला. शाळेत सामान्यज्ञान स्पर्धा. परीक्षक आणि प्रमुख पाहुणे, निवृत्त शिक्षक, मुळे सर. तो वास आणि ते नाव एकदम आले आणि मी हातातलं फडकं गल्ल्यात ठेवून गल्ला बंद केला. स्टीलची घागर घ्यायला आलेली बाई म्हणाली, "ताई, काय झालं? भाव सांगा की." मी सांगितला तो भाव तिने एका बोलात मान्य केला. इतक्या वर्षांत माझ्या दुकानात असं कधी घडलं नव्हतं. त्यावरून माझं चित्त किती उडालं होतं ते समजा.

ही फसवणूक झाली त्या वर्षी देशाचे दरवाजे उघडले असं पेपरात रोज येत होतं. शिरसाळ्यात ते दरवाजे असे उघडले, की टपऱ्यांवर शांपूच्या पुड्यांची तोरणं लागली, एसटी स्टँडसमोर फोनचं पिवळं खोकं उभं राहिलं आणि एका घरावर छत्रीएवढी थाळी चढली. मी तेव्हा स्टीलची भांडी डोक्यावर घेऊन बाजार करायची. एक टोपलं, खाली अंथरायला एक चवाळं, बाकी सगळं तोंडाच्या जोरावर. बायका घरातलं जुनं पितळ मोडीत आणायच्या, मी त्यांना चकचकीत स्टील द्यायची, आणि मधल्या मध्ये जे युद्ध व्हायचं त्यातून मी घर चालवलं, मग हे दुकान उभं केलं. कुणाचा एक पैशाचा उपकार नाही.

फक्त ओटा अप्पांचा. नागनाथअप्पा म्हणजे बाजारपेठेतले किराणा दुकानदार. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात बंडी. बसायला सावली हवी म्हणून मी त्यांच्या दुकानाच्या ओट्यावर टोपलं उतरवलं, तर आतून आवाज आला.

"बस. पन आदी सांग, मानसाच्या अंगातला सगळ्यात मोठा अवयव कोनता?"

मी म्हटलं, "पोट."

"चूक. कातडं."

"काहीतरीच सांगू नका. मी पोटासाठी इथं आले, कातड्यासाठी न्हाई."

अप्पा इतके हसले की तागडीतली साखर सांडली. "बस बाई, बस. तुझं बी खरं हाय." त्या दिवसापासून तो ओटा माझा झाला.

अप्पांचं सगळं ज्ञान रद्दीतून आलेलं होतं. पुड्या बांधायला ते परळीहून रद्दीचे गठ्ठे आणत, आणि पुडी बांधण्याआधी कागद वाचत. गिऱ्हाईक उभं असे, तागडी लोंबत असे आणि अप्पा चष्मा नाकावर ओढून वाचत असत की वाळवंटातला उंट पापणी मिटूनही बघू शकतो. त्या पेपरांत 'तुम्हाला माहीत आहे का' असा एक कोपरा असे. वर प्रश्न आणि पानाच्या तळाशी, उलट्या अक्षरांत, उत्तरं. अप्पांचा घोळ असा व्हायचा, की प्रश्नाचा तुकडा हातात राहायचा आणि उत्तराचा तुकडा जिऱ्याबरोबर कुणाच्या तरी घरी गेलेला असायचा.

एकदा प्रश्न राहिला, जिराफाच्या मानेत मणके किती? उत्तर हळदीबरोबर सोनारगल्लीतल्या गंगूबाईकडे गेलं. अप्पा दुकान माझ्यावर टाकून तिच्या दारात.

"गंगूबाई, हळदीची पुडी कुठं हाय?"

"कावून? हळद कमी भरली व्हय?"

"हळद ठेव तुला. कागद दे."

कागद चुलीत गेला होता. अप्पांनी त्या चुलीकडे असं पाहिलं की जणू आत कुणाचं घर जळत होतं. मग आठवडाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याची मान चाचपत राहिले. "थांब रे जरा, खाली वाक. एक, दोन..." लोक गूळ घ्यायला यायचे आणि मान चोळत परत जायचे. शेवटी जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर चहापत्ती घ्यायला आले आणि त्यांनी सांगितलं, जिराफाच्या मानेत सात मणके असतात, माणसाच्याही सातच. अप्पा ओट्यावरून खाली उतरले आणि भर रस्त्यात उभे राहून ओरडले, "शकू, आपले बी सात अन त्याचे बी सातच! मंग एवढी उंची कशाची गं?"

मला तो आनंद अजून नीट सांगता येत नाही. माझी शाळा दहावीला सुटली होती. पुढे शिकायला मिळालं नाही याचा राग माझ्या पोटात कायम होता, आणि आता इथे एक माणूस गुळाच्या चिकट हातांनी मला अख्खं जग भरवत होता. सगळ्यात लहान हाड कानात असतं. खो-खोत मैदानावर नऊ गडी असतात आणि कबड्डीत सात. ऑक्टोपसला तीन काळजं असतात. ("तिन्ही तुटली म्हंजे?" असं मी विचारलं होतं. अप्पा म्हणाले, "त्याला लगीनच लावू नये.") भांडं विकताना मी बायकांना हे ऐकवायची आणि त्या भाव करायचा विसरायच्या. ज्ञानाचा हा फायदा शाळेत कुणी सांगत नाही.

ऐन हंगामात आमचं गाव निम्मं रिकामं व्हायचं. ऊसतोडीला गेलेल्यांच्या दारांना कुलपं असायची, अंगणात म्हातारी माणसं आणि कोंबड्या. बाजार बारीक व्हायचा. पण त्या वर्षी राहिलेल्या माणसांना एकच वेड लागलं. पानटपरीवर, पिठाच्या गिरणीत, न्हाव्याच्या खुर्चीत, सगळीकडे प्रश्न. दाढी अर्धी झालेली असताना न्हावी वस्तरा वर धरून विचारायचा, "सांगा, जगातलं सगळ्यात मोठं वाळवंट?" आणि उत्तर येईपर्यंत दुसऱ्या गालाला हात लावायचा नाही.

मिरचीवाल्या कलावतीचं आणि अप्पांचं भांडण तर बाजाराने उभं राहून ऐकलं. अप्पांनी सहज म्हटलं, मिरची आपली नाही, समुद्रापलीकडून आली.

"कोन म्हनतंय?" कलावतीने टोपलं खाली आदळलं.

"पेपरात हाय. अमेरिकेच्या बाजूची हाय ती. पोर्तुगीज लोकांनी आनली."

"अप्पा, डोकं फिरलं का तुमचं? काल मी सोता घाटनांदूरहून आनली! म्या घेतली तवा तर कुनी पोर्तुगीज दिसला न्हाई मला!"

"अगं, तुझ्या आदी लई वर्सं..."

"आन मंग आदी आपली मानसं काय तोंडी लावीत व्हती? भस्म?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अप्पा हरले, पण पेटले. त्याच आठवड्यात त्यांच्या रानात हुरडा होता. गुळभेंडी ज्वारीची कणसं निखाऱ्यात, हातावर चोळलेला गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा, रानातलं वांगं भाजून. आम्ही आगटीभोवती बसलो होतो, तोंडं काळी, बोटं पोळलेली. आणि अप्पांनी एकेका घासाचं गाव विचारायला सुरुवात केली. मिरची तिकडची. शेंगदाणाही तिकडचाच. हुरडा चोळणारे हात थांबले.

"ज्वारी तरी आपली हाय का न्हाई?" कुणीतरी भीत भीत विचारलं.

अप्पांनी मान हलवली. "आफ्रिका."

मला अजूनही तो क्षण आठवतो. वर निळं आभाळ, चहूबाजूला डोक्याच्या वर गेलेली ज्वारी, वाऱ्याने कणसं एकमेकांवर घासल्याचा तो कोरडा आवाज, आणि आमची ती सगळी माणसं हातातल्या हुरड्याकडे बघत बसलेली. पुढारी तेव्हा गावोगाव भाषणं करत होते, की आता परदेशी माल येणार, आता आपलं काही खरं नाही. इथे परदेशी माल आमच्या पोटात जाऊन आमचं रक्त झाला होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. मला भीती वाटली नाही. मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. म्हणजे मी, शकुंतला, भांडीवाली, शिरसाळ्याच्या रानात बसून दोन-दोन खंड खात होते!

"वांगं?" मी विचारलं.

अप्पांनी वेळ घेतला. आगटीतलं भाजलेलं वांगं उचललं, फुंकर मारली, साल काढली. "वांगं," ते म्हणाले, "आपलं हाय. तीळ बी आपला."

मग जो आरडाओरडा झाला! वांग्यावर लोक असे तुटून पडले की मला देठच मिळालं.

अप्पांना मात्र या सगळ्यांत एकच गोष्ट मनापासून लागली होती. समुद्र. ते आयुष्यात परळी, अंबाजोगाई आणि एकदा लग्नाला लातूरला गेलेले. त्यांनी पाणी पाहिलं ते विहिरीचं, तेही उन्हाळ्यात वाकून. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरच्या मागे बायका पळतात. त्या माणसाने रद्दीत वाचलं, की पृथ्वीच्या शंभर भागांत एकाहत्तर भाग पाणी आहे. तो कागद त्यांनी पुडीला वापरला नाही. तागडीच्या मागे भिंतीवर खळीने चिकटवला. येईल त्याला म्हणायचे, "शंभरात एकाहत्तर पानी हाय बे! आन आपल्याला हंडा मिळंना. म्हंजे कुनीतरी मधी खातंय." आणि मग हळू आवाजात, मला एकटीला, "शकू, एवढं पानी एका जागी दिसतं कसं असंल? डोळ्यात मावतं का? एकदा बघायचंय बघ."

आमच्या बाजाराची एक रीत आहे, ती बाहेरच्याला सांगावी लागते. खरा आकडा पहिल्यांदा कुणी बोलत नाही. विकणारा वरचा बोलतो, घेणारा खालचा बोलतो, आणि दोघं एकमेकांचं तोंड बघत मधल्या खऱ्या आकड्यावर येतात. पहिल्याच बोलाला जो खरा आकडा सांगेल तो वेडा तरी किंवा घाईला आलेला तरी. बोललेला पहिला आकडा म्हणजे नुसतं "राम राम". ही लबाडी नाही, ही आमची बोलायची पद्धत आहे. आणि बाजारात जन्म गेलेल्या माणसाची जीभ अंकगणितातही तशीच चालते. अप्पांना तुम्ही विचारा, माणसाच्या अंगात हाडं किती? ते म्हणणार अडीचशे. तुम्ही भुवई उडवायची. ते म्हणणार, बरं, सव्वादोनशे. तुम्ही म्हणायचं, अहो अप्पा! मग ते मांडीवर थाप मारून म्हणणार, "शेवटचं सांगतो. दोनशे सहा. याच्याखाली एक बी हाड उतरनार न्हाई." त्यांना दोनशे सहा आधीपासून माहीत असतं. गावालाही माहीत असतं की त्यांना माहीत आहे. आमचे सगळेच असे बोलायचे.

संक्रांत झाल्यावरच्या बाजाराला एका चहा कंपनीची गाडी आली. मागचं दार उघडलं की आत टीव्ही, वर भोंगे, अंगभर रंगीत चित्रं. गावाचं वेड ऐकून त्यांनी स्पर्धा लावली होती. दोघांची जोडी, सगळ्या विषयांचे प्रश्न, आणि जिंकणाऱ्या जोडीला कंपनी कोकणात समुद्रावर नेणार. हे भोंग्यातून ऐकलं तेव्हा अप्पा तुरीची डाळ मोजत होते. त्यांनी तागडी खाली ठेवली, बंडीला हात पुसले आणि मला म्हणाले, "शकू, टोपलं झाक. जायचं."

प्रश्न विचारायला मुळे सर. आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे, बोलायला गोड, माईक हातात आला की खुलायचे. कडुलिंबाखाली बाकं मांडली होती. सुरू होतानाच खताच्या दुकानवाल्या बंडूने ओरडून विचारलं, "सर, पयलं उत्तर धरनार का शेवटचं?" सर माईकमध्ये हसले. म्हणाले, "आपला बाजार आहे बंडूशेठ. घंटी वाजेपर्यंत सौदा चालू. शेवटचा बोल तो खरा." हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. लिंबाखाली उभ्या प्रत्येकाने ऐकले.

आणि काय रंगली ती दुपार! क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी विचारली, बंडू तीस यार्डांवरून निघाला, सर म्हणाले "बंडूशेठ, महाग आहे", बंडू पंचविसावर आला, मग बावीसवर, आणि टाळ्या. गायीच्या पोटाचे कप्पे विचारले, अप्पा सातावरून चारावर उतरले आणि जाता जाता म्हणाले, "चार, पन रवंथ धरून." सर पोट धरून हसले. मला विचारलं, बटाटा मूळचा कुठला? मी सांगितलं, दक्षिण अमेरिका, आणि गर्दीतून कलावती ओरडली, "आता बटाटा बी गेला का गं!" भुईमुगाच्या शेंगा फुटत होत्या, धूळ उडत होती, पोरं लिंबावर चढली होती. एकेक जोडी बाद होत गेली आणि शेवटी दोनच उरल्या, बंडू आणि त्याचा मेहुणा एकीकडे, अप्पा आणि मी दुसरीकडे. गुण सारखे. एक प्रश्न आमचा, एक त्यांचा.

तेवढ्यात जीप आली. कंपनीचे पुण्याचे साहेब उतरले. गळ्यात टाय, डोळ्यांना काळा चष्मा, सोबत फोटोवाला. त्यांच्यासाठी खुर्ची आणली, तीवर टॉवेल घातला. आणि मुळे सर बदलले. पाठ ताठ झाली. आवाज रेडिओवरचा झाला. आतापर्यंत "चालू द्या अप्पा" म्हणणारा माणूस म्हणाला, "स्पर्धक जोडी क्रमांक दोन, आपल्यासाठी प्रश्न. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा किती टक्के भाग पाण्याने व्यापलेला आहे?"

मी अप्पांचं तोंड पाहिलं. चांगला माल हातात आलेल्या माणसाचं असतं तसं ते तोंड होतं. हा त्यांचा प्रश्न होता. भिंतीवरचा. त्यांनी उपरणं खांद्यावर नीट केलं, गर्दीकडे एक नजर टाकली. त्यांना घाई करायची नव्हती. अशा सौद्याला कोण घाई करतो?

"नव्वद," अप्पा म्हणाले. आणि थांबले. सरांच्या "अहो अप्पा"ची वाट बघत.

सरांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांच्या ओठांच्या कोपऱ्यात एक हसू होतं. खेड्यात आलेली शहरातली माणसं हसतात तसलं. सरांचं तोंड लाल झालं आणि ते म्हणाले, "चूक. प्रथम दिलेले उत्तरच ग्राह्य धरले जाईल."

अप्पांना कळलंच नाही. ते अजून हसत होते. "सर," ते म्हणाले, "आवो, अजून मी उतरलोच कुठं?"

"एकाहत्तर!" मी ओरडले. "एकाहत्तर, सर! घंटी वाजली न्हाई अजून!"

"घंटी न्हाई वाजली!" लिंबाखालून चार-दोन आवाज आले.

"नियम म्हणजे नियम," सर म्हणाले. माझ्याकडे न बघता. आणि तोच प्रश्न त्यांनी पलीकडच्या जोडीला दिला. बंडूने माझ्या तोंडून ऐकलेला आकडा सरळ उचलला. "एकाहत्तर." टाळ्या. फोटो. साहेबांनी हात मिळवला. बंडूला मी दोष देत नाही. रस्त्यात पडलेला माल कुणीही उचलतो. पण माल रस्त्यात टाकला कुणी?

अप्पा ओट्यावर परत आले, तागडी उचलली आणि राहिलेली तुरीची डाळ मोजली. मी किती बोलले, कुणाकुणाला काय काय म्हणाले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. अप्पा एवढंच म्हणाले, "शकू, त्याला ठावं होतं की मला ठावं हाय."

दुसऱ्या सकाळी मी सरांच्या दारात उभी राहिले. म्हटलं, सर, तुम्हीच रीत सांगितली आणि तुम्हीच मोडली, कावून? सरांनी आधी मला आत बोलावलं, मग दार लावलं. म्हणाले, "शकूताई, समजून घ्या. पुण्याची माणसं होती. त्यांच्यासमोर पृथ्वीचा पण भाव करत बसलो असतो, तर ते काय म्हणाले असते? गावाची इज्जत..."

"गावाची इज्जत तर तुमी स्पर्धेतून बाद केली," मी म्हटलं. त्यांच्या बायकोने चहा आणला होता. मी घेतला नाही. त्या उन्हाळ्यात सरांची बदली आष्टीकडे झाली आणि माझ्या 'कावून'चं उत्तर राहून गेलं.

बंडू समुद्र बघून आला त्या दिवशी अप्पांनी त्याला ओट्यावर बसवलं, बत्तासे दिले.

"सांग बंडू. कसा हाय?"

"मोठा हाय, अप्पा."

"मोठा म्हंजे केवढा?"

"लई मोठा."

"लई म्हंजे? इथून टेकडीपत्तूर?"

"त्याच्यापेक्षा जास्ती."

"मंग कुठपत्तूर? आवाज कसा येतो? रंग कोनता? पलीकडं काय दिसतं?"

बंडूने बत्तासा तोंडात टाकला. "अप्पा, पानीच पानी. बास. आन वास लई मासळीचा."

अप्पांनी बत्ताशांचा डबा बंद केला. मग आत वळून म्हणाले, "ज्याला सांगता येत न्हाई त्याला न्यायचं, आन ज्याला इचारता येतं त्याला ठेवायचं." मी त्यांना रागावलेलं पाहिलं ते तेवढंच.

पुढे माझं दुकान झालं, गाडी झाली. मी अप्पांना म्हटलं, चला, उद्या निघू, मी दाखवते समुद्र. त्यांनी मान हलवली. "तुझ्यासंगं येईन की. पन आदी त्या मास्तरानं सांगू दे माझं उत्तर बरोबर होतं. हरून समुद्र बघायला गेलो तर त्यो बी हसंल." मी लाख समजावलं. आयुष्यभर मी लोकांना त्यांच्या आकड्यावरून खाली आणलं. हा एक माणूस मला एक पाऊलही हलवता आला नाही.

आता त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. गुडघे गेलेत, नजर धूसर झाली आहे. दुकान नातसून चालवते, रद्दी गेली, पुड्या प्लास्टिकच्या आल्या. पोरांना आता काही विचारलं की ती खिशातून फोन काढतात आणि उत्तर वाचून दाखवतात, पहिल्याच बोलाला खरं, ना हसणं ना भांडण. तरी दुपारी मी अप्पांकडे गेले की ते विचारतात, "काय नवीन?" आज मी सांगितलं, माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे कोआला नावाच्या प्राण्याचेही ठसे असतात, पोलिसांनाही फरक ओळखणं अवघड जातं म्हणे. अप्पांनी हात चेहऱ्याजवळ नेऊन आपली बोटं न्याहाळली. "मंग चोरी कुनी केली हे कळायचं कसं?" असं म्हणून ते असे हसले की ऐंशी वर्षं गळून पडली. मग मी त्यांना पत्रिकेतलं नाव वाचून दाखवलं. हसू थांबलं. "येनार हाय का त्यो?" एवढंच विचारलं, आणि उपरणं मागितलं.

सर, म्हणून हे लिहून तुम्हाला आधीच पाठवते आहे. तुम्ही येणार, तुमचा सत्कार होणार, मी स्वतः नारळ देणाऱ्यांत असेन. पण पहिल्या रांगेत खुर्चीवर नागनाथअप्पा बसलेले असतील. मी त्यांना घेऊन येणार आहे, आणि तुम्ही बोलेपर्यंत कुणाच्या बापाला त्यांना तिथून उठवू देणार नाही. माझी गाडी शाळेच्या फाटकाबाहेर उभी असेल, डिझेल भरून, तोंड कोकणाकडे करून. भाषण नंतर करा. आधी त्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघून, गावासमोर, मोठ्याने सांगा: त्यांना उत्तर येत होतं की नव्हतं? आणि येत होतं हे तुम्हाला माहीत असताना, त्या साहेबाच्या एका हसण्यापायी तुम्हाला आमची लाज का वाटली?